पानांच्या खोलीतले सर्व्हर

एचआरच्या मॅडमनी मला माफीपत्र हाताने लिहायला लावलं. टाइप केलेलं चालणार नाही म्हणाल्या. समोर कोरा कागद, कंपनीचंच पेन, आणि टेबलापलीकडे त्या आणि सिस्टीमवाले सर, दोघंही चहा पीत बसलेले. मी लिहिलं, ‘संगणकातील माहितीचे नुकसान झाले, याबद्दल मी दिलगीर आहे.’ मॅडमनी कागद फिरवून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“‘माझ्यामुळे’ घाला,” त्या म्हणाल्या. “‘माझ्यामुळे नुकसान झाले.’ नाहीतर त्याला अर्थ काय राहतो?”

मी ‘माझ्यामुळे’ घातलं. दोन शब्दांच्या मध्ये, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात. खाली सही केली. सर म्हणाले, “होतं असं. पुढच्या वेळी काळजी घ्या.” आणि मग त्यांनी मलाही चहा विचारला.

तो चहा मी प्यायले. याचा मला अजून राग येतो.

मी तेव्हा बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर होते. कच्चा माल आत आला की त्याची नोंद, प्लांटला दिला की त्याची नोंद, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा गेटपास. एडवणहून सकाळच्या एसटीने सफाळे, तिथून गाडीने बोईसर, पुढे शेअर रिक्षा. सहा वर्षं हे केलं. फॅक्टरीचा सर्व्हर ऑफिसच्या मागच्या लहानशा खोलीत होता. सगळ्या फॅक्टरीच्या नोंदी त्या एका कपाटाएवढ्या यंत्रात साठायच्या. त्याची देखभाल बाहेरच्या एका ठेकेदाराकडे होती आणि त्या ठेकेदाराचा माणूस म्हणजे आमचे सिस्टीमवाले सर. आठवड्यातून दोनदा यायचे. त्या खोलीत एसी होता, म्हणून बराच वेळ तिथेच बसायचे.

प्रिंटरचे टोनरही त्याच खोलीत ठेवलेले असायचे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी टोनर आणायला गेले, तेव्हा सर्व्हरच्या पुढच्या बाजूला एक नारिंगी दिवा लुकलुकताना दिसला. एरवी तिथे दोन हिरवे दिवे असतात, हे मला सहा वर्षांत पाठ झालं होतं. सर तिथेच खुर्चीत मोबाइल बघत होते.

“सर, हा दिवा आधी हिरवा होता ना?”

त्यांनी वर न बघताच विचारलं, “तुमचं काम काय आहे, मॅडम?”

“टोनर न्यायला आले होते.”

“मग टोनर न्या.”

मी टोनर नेला. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. मी टोनर आणायला जायचे आणि तो दिवा लुकलुकत असायचा. मी पुन्हा विचारलं नाही. त्या एका उत्तरात त्यांनी माझं तोंड बंद केलं होतं आणि मीही ते होऊ दिलं.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी, म्हणजे शनिवार हा आठवड्याचा पहिला दिवस. सकाळी आले तर कोणाच्याच कॉम्प्युटरवर काही उघडेना. सर्व्हर बंद पडला होता. दुपारपर्यंत सर आले, ठेकेदार आला, मुंबईहून आणखी कोणी आलं. संध्याकाळी कळलं की माहिती गेली. बॅकअप, म्हणजे रोज वेगळी काढून ठेवायची प्रत, होती असं सर सांगत होते. उघडून पाहिल्यावर शेवटची प्रत भर पावसाळ्यातली निघाली. सहा महिन्यांच्या नोंदी कुठेच नव्हत्या.

सोमवारी मला बोलावलं. सरांनी वर सांगितलं होतं की स्टोअरच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला गेला, त्यातून व्हायरस आला आणि सर्व्हर बसला. पेनड्राइव्ह मी लावला होता, हे खरंच होतं. क्वालिटीच्या लॅबमधले रिपोर्ट आमच्याकडे पेनड्राइव्हवरूनच यायचे. सगळेच लावायचे, सर स्वतःही लावायचे. पण त्यांनी “व्हायरस” म्हटलं. व्हायरसने नेमकं काय होतं, काय होत नाही, सर्व्हरच्या आत काय असतं, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी दिव्याची गोष्ट सांगितली. सर हसले. “मॅडम, तो दिवा नेटवर्कचा असतो. चालू असला की लुकलुकतो.” एचआरच्या मॅडमना तेवढं पुरलं. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मलाही वाटलं, असेल बाई, नेटवर्कचाच असेल.

म्हणून ते पत्र.

पत्रानंतर शिक्षा वेगळी नव्हती. सहा महिन्यांच्या नोंदी कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरायच्या होत्या आणि त्या मीच भरायच्या, असं ठरलं. रोजचं काम सांभाळून. चिठ्ठ्यांचे गठ्ठे गोणीतून आले. काही तेलाने माखलेल्या, काहींवरची अक्षरं ॲसिडच्या हाताने पुसट झालेली. होळी झाली, पाडवा झाला, तरी मी भरतच होते. येणारा-जाणारा विचारायचा, “ये सब फिर से क्यूँ भर रही हो?” आणि शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी माझ्याऐवजी उत्तर द्यायचा, “इनके पेनड्राइव्ह से उड़ गया था।”

घरी मी आठवडाभर काही सांगितलं नाही. मग एकदा जेवताना सांगितलं. आमची एडवणला वाडी आहे, पानवेल, केळी, थोडे नारळ. बाबांनी आयुष्यभर तेच केलं. त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“तुज्यामुळं जालं नाय, तर सही कशाला केलीस?”

मी म्हटलं, “नोकरी गेली असती.”

“ते नाय विचारलं. तुला ठाव होतं का, तुज्यामुळं जालं नाय म्हणून?”

ठाऊक नव्हतं. हेच तर होतं. मी निर्दोष आहे हे ठाऊक असूनही सही केली असती, तर तो भित्रेपणा झाला असता, आणि भित्रेपणाची मला लाज वाटली असती. पण मला माहीतच नव्हतं. माझ्यावर आळ घेताना सर जे बोलले ते खरं की खोटं, एवढंही कळण्याइतकी अक्कल मला नव्हती, आणि त्यांना हे पक्कं माहीत होतं. त्या रात्रीचं जेवण मी टाकून उठले. सरांचा राग होताच. त्याहून जास्त राग माझ्या अडाणीपणाचा आला. तो राग घेऊन मी शिकायचं ठरवलं. जिज्ञासा वगैरे काही नव्हती.

पहिल्यांदा पालघरला एका क्लासमध्ये नाव घातलं. हार्डवेअर-नेटवर्किंग, संध्याकाळची बॅच. तिथल्या काचेच्या खोलीत एक सर्व्हर होता, फुलांचा हार घातलेला, आणि त्या खोलीला कुलूप. शिकवणारे भिंतीवर चित्रं दाखवायचे. हा सर्व्हर, ही त्याची डिस्क, म्हणजे माहिती जिथे साठते तो भाग. मी विचारलं, “दोन डिस्क असल्या आणि त्यातली एक बंद पडली, तर काय होतं ते त्या सर्व्हरवर दाखवाल का?”

“तो प्रश्न परीक्षेत येत नाही,” ते म्हणाले.

“मला परीक्षा द्यायची नाहीये. बघायचंय.”

“त्याला हात लावायचा नाही. मोठे पाहुणे आले की लागतो तो.”

दोन महिन्यांनी मी जाणं सोडलं. नंतर त्यांनी फोन करून सांगितलं, तुमचं प्रमाणपत्र तयार आहे, येऊन घेऊन जा. अर्धा कोर्सही झाला नव्हता. मी घ्यायला गेले नाही.

आता स्वतःच काहीतरी करायला हवं होतं. मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ बघून एक गोष्ट कळली होती. सर्व्हर शिकायला हार घातलेलं यंत्र लागत नाही. दोन-तीन जुने कॉम्प्युटर, ते एकमेकांना जोडायला एक स्विच, थोड्या केबल्स आणि मोडायची मुभा, एवढं लागतं. मुभा महत्त्वाची. फॅक्टरीत कोणी मला काही मोडू देणार नव्हतं. न मोडताच मोडल्याचं लिहून घेतलं होतं तिथे.

जुने कॉम्प्युटर कुठे मिळतील, हेही मलाच माहीत होतं. भंगाराचे गेटपास मीच करायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी एक पास टाइप केला होता: ‘जुने संगणक तीन, स्विच एक, हार्डडिस्क दोन, केबल एक गोणी.’ ते कुठल्या भंगारवाल्याकडे गेलं ते पासवरच लिहिलेलं होतं. बोईसरला रस्त्याकडेला त्यांची दुकानं आहेत, त्यातलंच एक. शुक्रवारी गेले. माल तसाच पडला होता, वर ताडपत्री.

“चलेगा कि नहीं, मैं नहीं बोल सकता,” भंगारवाला म्हणाला.

“मुझे भी नहीं पता,” मी म्हटलं. “इसीलिए चाहिए।”

त्याला ते पटलं असावं. त्याने तिन्ही कॉम्प्युटर, स्विच आणि ती गोणी न उघडताच टेम्पोत टाकून दिली, आणि मी मागितली म्हणून साध्या कागदावर पावती लिहून दिली.

घरात जागा एकच होती, मागची पानांची खोली. तिथे बाबा पानं निवडायचे, करंड्या भरायचे. पानांवर सारखं पाणी शिंपडावं लागतं, त्यामुळे ती खोली कायम दमट. त्यात समुद्र जवळ, खारी हवा. कॉम्प्युटर ठेवायला याहून वाईट जागा शोधून मिळाली नसती. आई दारात उभी राहून बघत होती.

“हे डबे कोणाला खायाला घालणार हाय तू?”

बाबांनी करंड्या एका भिंतीला लावल्या आणि मधोमध जुनी ताडपत्री दोरीवर टांगली. अलीकडे पानं, पलीकडे मी.

तीनपैकी एक यंत्र चालू झालं. बाकी दोघांच्या मेमरीच्या पट्ट्यांवर हिरवट थर बसला होता. तो खोडरबराने घासून काढायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, चौथ्या शुक्रवारी एका व्हिडिओत दिसलं. केबलच्या टोकाला आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने बसवायच्या असतात. एक जरी चुकली तर सगळी केबल फुकट. माझ्या अकरा गेल्या. शिवाय शुक्रवारी सुट्टी म्हणून दुरुस्तीसाठी लाइट बंद करायची तीही शुक्रवारीच. वीज तयार करणाऱ्या केंद्रापासून एसटीच्या अंतरावर आम्ही राहतो, आणि मी हातात केबल धरून दुपारी तीन वाजेपर्यंत लाइटीची वाट बघत बसायचे. मग मी पहाटे उठून, एसटीच्या आधी दीड तास बसायला लागले.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांसाठी काही महिन्यांच्या मुदतीवर फुकट मिळतं. ते बसवलं. मग सराव करायला एक कंपनी लागते, म्हणजे लोक, विभाग, कोणी काय बघायचं याचे नियम. मी आमच्या वाडीचीच कंपनी केली. तीन विभाग केले, पान, केळी आणि नारळ. केळी विभागातल्या माणसाला पान विभागाच्या फायली उघडता येणार नाहीत, अशी व्यवस्था लावली आणि ती खरंच लागू झाली, तेव्हा मी बाबांना बोलावून दाखवलं.

“म्हणजे केळ्यांना पानांचं काय कळणार नाय?”

“नाही.”

“बरं हाय. आपल्याकडं उलटं हाय, सगळ्यांना सगळ्यांचं कळतं.”

या एवढ्या दिवसांत मी हसले असेन तर तेवढीच.

चुका सांगायच्या तर पुष्कळ. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, आणि ते पत्ते वाटण्याचं काम एकाच यंत्राने करायचं असतं. घरात ते काम इंटरनेटचा डबा करत होता. मी माझ्या सर्व्हरलाही तेच काम लावलं आणि चुकून दोन्ही एकमेकांना जोडले. घरातले सगळे मोबाइल माझ्या सर्व्हरकडून भलतेच पत्ते घेऊन बसले. आई बाहेरून ओरडत आली, तिची मालिका अर्ध्यात थांबली होती. “तुज्या डब्यानं माजं डबडं बंद पाडलं!” काय बिघडलं ते शोधायला मला दोन दिवस लागले. पण पुन्हा ती चूक झाली नाही, आणि कोणी केली तर दहा मिनिटांत ओळखता येते.

दुसरी चूक मात्र मला लागली. रोज पहाटे आपोआप बॅकअप व्हावा असं मी लावून ठेवलं होतं. मग मधेच मी सर्व्हरचा पासवर्ड बदलला. बॅकअपचं काम जुन्याच पासवर्डवर अडकून राहिलं आणि रोज गुपचूप बंद पडत गेलं. पडद्यावर काही येईना, कुठे आवाज नाही. तीन आठवड्यांनी मी सहज बघितलं, तर प्रती नव्हत्या. भर पावसाळ्यात थांबलेला फॅक्टरीचा बॅकअप मला आठवला. सरांच्या हातून असंच काहीतरी झालं असणार. चूक कोणाकडूनही होते, माझ्याकडूनही झाली, हे मी त्या ताडपत्रीमागे बसून कबूल केलं. पण माझी चूक कळल्यावर मी आईला बोलावून ‘तुझ्या मालिकेमुळे झालं’ असं तिच्याकडून लिहून घेतलं नव्हतं. राग चुकीचा नव्हताच कधी. त्यांनी आपली चूक उचलून माझ्या हातात दिली आणि वर चहा विचारला, राग त्याचा होता.

क्लासमध्ये जे बघू दिलं नव्हतं ते मी पावसाळ्यात एका शुक्रवारी घरी बघितलं. एका यंत्रात दोन जुन्या डिस्क बसवल्या आणि त्यांची जोडी लावली. जोडीत जे एका डिस्कवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. फॅक्टरीच्या सर्व्हरमध्येही दोनच डिस्क होत्या, दोन हिरवे दिवे. मी वाडीचे फोटो त्यावर ठेवले, एक फोटो पडद्यावर उघडला आणि बाबांना म्हटलं, “आता बघा.” चालू यंत्रातून एका डिस्कची केबल उपटली.

फोटो तसाच राहिला. दुसरा उघडला, तोही उघडला.

“चालूच हाय की,” बाबा म्हणाले.

“हो. एक मेली तरी दुसरीवर चालत राहतं. म्हणूनच कोणाला काही कळत नाही.”

“मग सांगत कसं नाय?”

“सांगतं,” मी म्हटलं. पडद्याच्या कोपऱ्यात इशारा आला होता, जोडीतली एक डिस्क गेली आहे, बदला. “इथे असं सांगतं. मोठ्या सर्व्हरवर दिवा लागतो. नारिंगी.”

बाबा हातातलं पान करंडीत टाकून म्हणाले, “म्हणजे त्या माणसाला ठाव होतं.”

मी दुसरी केबलही उपटली आणि पडदा गोठला. भंगाराच्या गोणीत गेटपासवरच्या त्या दोन हार्डडिस्क तशाच पडून होत्या. त्यांच्यावर आमच्या फॅक्टरीचा मालमत्ता क्रमांक चिकटवलेला होता. सर्व्हरच्याच होत्या. गोणी उघडल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या ओळखल्या होत्या आणि भीतीने बाजूला ठेवल्या होत्या. आता जोडल्या.

पहिली जोडली तर टक, टक, टक असा आवाज आला आणि यंत्राने तिला ओळखलंच नाही. आतला, माहिती वाचणारा काटा मोडला होता. व्हायरसने काटा मोडत नाही. दुसरी मात्र बोलली. डिस्क स्वतःच्या पोटात स्वतःची नोंद ठेवते, एकूण किती तास फिरली आणि कितव्या तासाला तिच्यात बिघाड झाला. वाचायला एक साधा प्रोग्राम पुरतो, आतल्या फायली उघडाव्या लागत नाहीत. त्या मी उघडल्या नाहीत. उघडता आल्या असत्या. फॅक्टरीची माहिती पुसून मग डिस्क टाकायची असते, ही तसदीही कोणी घेतली नव्हती.

शेवटच्या बिघाडापासून डिस्क बंद होईपर्यंत सुमारे तीन हजार तीनशे तास गेले होते. बिघाड झाल्यावर जोडीने तिला बाहेर काढलं, पुढे तिच्यावर कोणी काही लिहिलं नाही, ती नुसतीच फिरत राहिली, सगळं काम एकट्या पहिलीवर. तासांचे दिवस केले, एकशे सदतीस. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारपासून मी कॅलेंडरवर मागे मोजत गेले. बोट गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येऊन थांबलं.

मी रडले नाही. कॅलेंडर भिंतीवरून ओढून काढलं, एवढं आठवतं.

पुढच्याच आठवड्यात मी फॅक्टरीच्या मोठ्या साहेबांची वेळ मागितली. ते प्लांटचे प्रमुख, माझ्याशी कधी बोललेले नव्हते. एचआरच्या मॅडम आणि सरही आले. मी डिस्कच्या नोंदीचा छापील कागद टेबलावर ठेवला आणि तुम्हाला आत्ता सांगितलं तसंच सगळं सांगितलं. आवाज चढला होता, तो मी खाली आणला नाही.

सरांनी कागद बघितलाही नाही. “ही डिस्क तुमच्याकडे आली कशी? ही तर चोरी झाली.”

याचीच मी वाट बघत होते. गेटपासची प्रत ठेवली, खाली साहेबांच्याच ऑफिसची सही. त्यावर भंगारवाल्याची पावती ठेवली.

“तो दिवा नेटवर्कचा होता म्हणालात ना, सर?” मी विचारलं. “या मॉडेलला नेटवर्कचे दिवे मागच्या बाजूला असतात. पुढे फक्त डिस्कचे असतात. सहा वर्षं तुम्ही त्या खोलीत बसलात.”

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला.

“हे बघा, झालं ते झालं,” ते म्हणाले. “तुम्ही खूप कष्ट घेतलेत, दिसतंय. पण आता कशाला उकरून काढायचं? नवा सर्व्हर आला, सगळं सुरळीत चाललंय.”

“माझं पत्र परत द्या.”

मॅडम म्हणाल्या, “फाइलला लागलेला कागद काढता येत नाही. तसा नियम नाही.”

“मग त्याच्यावर दुसरा लावा.”

मी तिथेच बसून लिहिलं. या वेळी कोणी सांगितलं नाही. ‘अमुक तारखेचे माझे पत्र मी मागे घेत आहे. नुकसान माझ्यामुळे झालेले नाही. कारण पुढीलप्रमाणे.’ कारणं लिहिली. मॅडम म्हणाल्या, ठेवून जा, बघू. मी ठेवलं नाही. स्टोअरमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं की शिक्का नसलेला कागद आलाच नाही असं म्हणता येतं. गेटजवळच्या आवक खिडकीवर गेले, दोन प्रती दिल्या, एकीवर शिक्का मारून घेतला. खिडकीवरच्या बाईंनी उभ्याउभ्या सगळं वाचलं. “बरं केलंत,” एवढंच म्हणाल्या आणि शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

माफी कोणी मागितली नाही. सर आणखी पाच महिने येत राहिले, माझ्या टेबलावरून जाताना भिंतीकडे बघत. मग ठेकेदार बदलला. कारण वेगळंच सांगितलं गेलं. शेजारच्या टेबलांवर ‘इनके पेनड्राइव्ह से’ म्हणणाऱ्यांनी ते म्हणणं सोडलं, पण ‘आम्ही चुकीचं म्हणत होतो’ असं एकानेही म्हटलं नाही. मीही तिथे फार दिवस राहिले नाही. पालघरच्या एका कारखान्यात नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळायची जागा होती. मुलाखतीत अनुभव विचारला, तेव्हा पानांच्या खोलीतलं सगळं सांगितलं. समोरच्याने विश्वास ठेवला नाही, मला एका बिघडलेल्या यंत्रासमोर बसवलं. पाऊण तासाने ते चालू करून त्याच्या हवाली केलं. तिथे आता चौथं वर्ष.

तिन्ही जुने कॉम्प्युटर त्या पावसाळ्यानंतर खाऱ्या हवेने संपले. बाबांनी ताडपत्री काढून वाडीत वापरायला नेली.

गेल्या मे महिन्यात दातिवऱ्याला एका लग्नात मावशी भेटली. आईने तिला सगळं सांगितलं होतं. माझा हात धरून ती कौतुकाने म्हणाली, “बरंच जालं म्हणायचं, बाय. त्या मेल्यानं आळ घेतला नसता, तर तू एवडं शिकली असतीस का?”

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना वाटतं, ते मला बरं वाटेल असं बोलतायत. मावशीचा हात मी सोडवला नाही, पण उत्तर दिलं. मांडवातले दोघेतिघे वळून बघतील इतक्या मोठ्याने दिलं.

“शिकले असते, मावशी. मी दिव्याबद्दल विचारलं होतं. त्याने खुर्चीतून उठून दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं, तर तेव्हाच शिकायला सुरुवात केली असती.”